हरणाचा खांदा

वितळलेल्या धातूत ओली पळी घालायची नसते, हे त्या दिवसांत मी पगार घेऊन लोकांना सांगत असे. जर्मनीत नेकारसुल्मजवळच्या, गाड्यांचे भाग ओतणाऱ्या एका कारखान्यात ॲल्युमिनियमच्या भट्टीसमोर उभा राहून मी नव्या माणसांना हातवारे करून बजावायचो, की पाण्याचा एक थेंब जरी आत गेला तरी त्याची वाफ होते आणि अख्खा धातू तोंडावर येतो. आणि एका शनिवारी सकाळी आमच्या घरमालकाच्या तळघरात, नळाखाली विसळलेली पळी न पुसता मी सरळ शिशाच्या भांड्यात बुडवली. फट्ट झालं. शिसं छतापर्यंत उडालं आणि राखाडी थेंबांची नक्षी वरती कायमची चिकटून बसली. माझ्या शर्टाला सात-आठ भोकं पडली, डोळे चष्म्यानं वाचवले. घरमालक हेर, म्हणजे श्रीयुत, बाउमान दोन पावलं मागे सरकले, छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आल्झो, हेर शिंदे," ते म्हणाले, "तुमच्या कारखान्यात असंच करतात का?"

वरून सुजाताचा आवाज आला, "काय फुटलं रे?"

"काही नाही, झाकण पडलं!"

दुपारी तिनं शर्ट धुवायला घेतला, उजेडात धरून बघितला आणि विचारलं, "झाकणाला दात होते का?" लग्नाला दोनच वर्षं झाली होती, पण माझं खोटं कुठल्या बाजूनं उसवतं हे तिला तेव्हाच कळायला लागलं होतं. त्यानंतर मी तिला तळघरात उतरायला बंदी केली. पाचवा महिना चालू होता तिला. शिशाचा धूर बाईच्या जवळ जाता कामा नये एवढं मला कळत होतं. तिचे कपडे तळघरातल्या दोऱ्यांवर वाळायचे, ते मी वर आणले आणि बैठकीच्या खोलीत हीटरवर पसरले. आपण फार जबाबदार नवरा आहोत, असं मला आठवडाभर वाटत राहिलं.

ते घर द्राक्षमळ्यांच्या चढावर होतं. खाली बाउमान आणि त्यांचा कुत्रा, वर आम्ही. बाउमान निवृत्त होते, बायको जाऊन काही वर्षं झालेली. घर इतकं शांत की त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आम्हाला पायाखालून ऐकू यायची. त्यात सुजाताचा मिक्सर सुरू झाला की कुत्रा भुंकायचा, आणि त्याला गप्प करणारा बाउमान यांचा एकच शब्द यायचा. रविवारी मिक्सर लावायचा नाही, हा नियम त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितला होता. त्यामुळे आमचं रविवारचं वाटण शनिवारी व्हायचं. कोल्हापूरहून आलेल्या कांदा-लसूण मसाल्याचा वास जिन्यातून खाली उतरायचा, आणि एकदा त्यांनीच घसा खाकरून विचारलं होतं, की हा वास ज्या पदार्थाचा आहे तो जर्मन माणसाला झेपेल का. सुजातानं वाटी भरून दिली. वाटी परत आली ती धुतलेली, आणि तिच्यात सहा अक्रोड. तेव्हापासून आमचं जमलं.

बाउमान शिकारी होते. गावाच्या वरचा जंगलाचा तुकडा त्यांच्याकडे होता. तिथली हरणं किती मारायची आणि किती राखायची याचा हिशेब सरकारला द्यायचा, असं ते काम होतं. आपल्याकडे शिकार म्हटल्यावर डोळ्यासमोर जो राजेशाही थाट येतो त्यातलं काहीही नव्हतं. गोळ्या ते स्वतः ओतायचे. चाकांच्या बॅलन्सिंगची जुनी वजनं आणि त्याच घरातून पूर्वी उखडून काढलेल्या पाण्याच्या शिशाच्या नळ्या, असा माल भांड्यात वितळवायचा, मळी काढायची, आणि पितळी साच्यात ओतायचा. साच्यात मधोमध एक खिळी असायची. ती ओढून काढली की गोळीच्या नाकात खोल भोक राहायचं. पहिल्यांदा हातावर घेतली तेव्हा मला ती गोळी आ वासलेल्या पिल्लासारखी दिसली.

"हे भोक कशाला?" मी विचारलं.

"आत गेल्यावर फुलण्यासाठी," ते म्हणाले आणि बोटांची मूठ हळूहळू उघडून दाखवली. "नाक उमलतं, मोठं होतं, आणि प्राणी जागेवर पडतो. त्याला आवाज ऐकू यायच्या आधी सगळं संपलं पाहिजे. मागच्या वर्षी संपलं नाही. एक मादी पळाली. मी आणि कुत्रा शोधत होतो. सापडली दुसऱ्या दिवशी. जिवंत होती."

एवढंच बोलले आणि मळी काढत राहिले. त्यांची अडचण अशी होती, की गोळी मऊ पडत होती. बंदुकीच्या नळीत शिसं चिकटायचं आणि नेम हलायचा. झालं, माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. धातूची अडचण आहे आणि ती मला कोणी आपणहून सांगतंय, यापेक्षा मोठं सुख परदेशातल्या शनिवारी मला माहीत नव्हतं. मिश्रणात अँटिमनी वाढवा, साच्यातून निघालेली गरम गोळी थेट थंड पाण्यात पडू द्या, लोहार कोयत्याला पाणी पाजतो तसं, असं मी त्यांना कागदावर आलेख काढून पटवलं. त्यांनी तसं केलं. नव्या गोळ्या नखाला दाद देत नव्हत्या, टेबलावर पडल्या की नाण्यासारख्या वाजायच्या. चांदमारीच्या मैदानावर ते कागद घेऊन आले तेव्हा पाचही भोकं एका अंगठ्याखाली झाकली जात होती. "गेनाऊ! अगदी नेमकं!" ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला बढतीसारखी वाटली. गोळी कागदात कशी घुसते ते आम्ही दोघांनी पाहिलं होतं. हाडात शिरल्यावर तिचं काय होतं, ते दोघांपैकी कोणीच पाहिलं नव्हतं.

इकडे सुजाताला डोहाळे लागले होते. सुरुवातीला चिंच, मग नुसतं दही, आणि मग एके दिवशी भांडी घासता घासता ती म्हणाली, "मला हाडाचं मटण पाहिजे. रस्सा. भाकरी कुस्करून." हाइलब्रॉनच्या तुर्की दुकानातून मी मेंढीचं मटण आणलं. पिशवी उघडली आणि चरबीच्या वासानं ती बेसिनकडे पळाली. गावच्या खाटकाकडे डुक्कर आणि बैल, दोनच. कोल्हापूरहून सासूबाईंचा फोन यायचा. "जावईबापू, पोरीचे डोहाळे राहू द्यायचे नसतात हं. बाळाचं तोंड गळतं." मी कारखान्यात शेकडो माणसांच्या बैठकीत न घाबरणारा माणूस, पण सासूबाईंच्या त्या 'हं'ला भ्यायचो.

म्हणून, बाउमान यांनी "आज येता का जंगलात?" असं विचारल्यावर मी बूट घालून तयार झालो. झाडाला टेकवलेल्या लाकडी मचाणावर आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो. दिवस कलत होता. हलायचं नाही, खोकायचं नाही, बोलायचं नाही. माझं पोट तेवढं बोललं, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तेही गप्प झालं. समोर गवताची पट्टी, पलीकडे काळं होत चाललेलं जंगल. बीचची पानं पडायची तेवढाच आवाज. आणि मग तिथं हरीण उभं होतं. ते आलं कधी ते मला दिसलंच नाही. आपल्या शेळीएवढं, सडपातळ. मान वर करून ते बरोबर आमच्या दिशेनं बघत राहिलं, आणि मला वाटलं, आता हे काहीतरी विचारणार.

बंदुकीचा आवाज छातीत बसला. हरीण जागेवर पडलं, पाय झाडले नाहीत. बाउमान लगेच उतरले नाहीत. बंदूक मांडीवर ठेवून थांबले, तसाच रिवाज असतो. मग जवळ जाऊन त्यांनी फरच्या झाडाची डहाळी मोडली आणि हरणाच्या तोंडात दातांमध्ये हळूच ठेवली. "शेवटचा घास," ते म्हणाले. माझे हात आपोआप जोडले गेले. त्यांनी ते पाहिलं आणि टोपी काढली. इतका चांगला मृत्यू, माझ्या आलेखामुळे, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. हे लिहिताना आज त्या विचाराचं तोंड बघवत नाही.

अंगणातल्या शेडमध्ये त्यांनी हरीण टांगलं, कातडं काढलं आणि थांबले. डावा खांदा लाल-काळा झाला होता, कुटलेल्यासारखा, आणि हाडाचे बारीक तुकडे मांसात सगळीकडे शिरले होते. ते मान हलवत बोटानं चाचपत राहिले. "फार फाटलंय," ते स्वतःशीच म्हणाले. "गोळी बाहेरच आली नाही." मग सुरी फिरवून त्यांनी अख्खा खांदा सोडवला आणि बादलीत टाकला.

"हा कोणाला?"

"कोणाला नाही. फेकायचा. हा भाग खात नाहीत."

बादलीत पडलेल्या त्या खांद्याकडे बघून माझा जीव तुटला. हाड, हाडाला चिकटलेलं मांस, नळी, म्हणजे रश्श्याला जे जे लागतं ते नेमकं त्या बादलीत होतं, आणि मला द्यायला त्यांनी बाजूला काढलं होतं ते पाठीचं मऊ, बिनहाडाचं, आजारी माणसाला द्यावं तसलं मांस. मी म्हणालो, "हेर बाउमान, आम्हाला हाच द्या. आमच्याकडे हा भाग मानाचा."

"त्यात रक्त साकळलंय."

"आम्ही चांगलं धुतो. आणि फार वेळ शिजवतो."

"ना गूट," ते नाइलाजानं म्हणाले, "पण काळं झालेलं सगळं कापून टाका." मी कापलं. पण मटण कापणाऱ्या मराठी माणसाचा हात जेवढा आखडता असतो तेवढंच कापलं. धूर मी तिच्यापासून लांब ठेवला होता, कपडे वर आणले होते. आणि तो खांदा मात्र मीच पातेल्यात घालून, दोन्ही हातांनी, जिना चढून वर नेला.

सुजातानं तो धुतला, दही आणि हळद लावून रात्रभर ठेवला. टोमॅटो भरपूर घातला, आणि आंबटाची ओढ होतीच, म्हणून वर चिंचेचा कोळ. कुकर न लावता मोठ्या पातेल्यात मंद आचेवर. दुपारभर ते पातेलं रटरटत होतं. खिडक्यांना वाफ धरली होती, बाहेरचे द्राक्षमळे दिसेनासे झाले होते. ती ओट्याला टेकून, एक हात पोटावर ठेवून, पळीनं रस्सा वाटीत घेऊन फुंकर मारत प्यायली. तिच्या चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांनी रंग आला. "आईच्या हातासारखा झालाय रे," ती म्हणाली. रात्री भाकरी कुस्करून, दुसऱ्या दिवशी भातावर, संध्याकाळी नुसताच वाटीनं. मी तिच्या ताटात वाढत राहिलो. नळ्या तिला, मांस तिला. मी आपला बटाटे खात होतो, त्याग म्हणून.

तळाचा राहिलेला रस्सा मी खाल्ला तेव्हा दाढेखाली कचकन काहीतरी आलं.

"काय रे?"

"खडा."

"खडा? मी निवडलेत तांदूळ. इथल्या तांदळात खडे नसतातच मुळी. मिरी असेल."

मी तो जिभेवरून बोटावर घेतला. बाजरीच्या दाण्याएवढा, राखाडी, एका बाजूला चमक. चावल्यानं चपटा झाला होता, पण त्याची दुसरी कड दातेरी होती, तुटलेल्या कपाच्या कडेसारखी. फ्रीजवर टेलिफोनचं बिल चिकटवलेलं होतं. त्याच्या कोऱ्या जागेवर मी तो दाणा ओढला. पेन्सिलीसारखी रेघ उठली. हे असं रेघ ओढून बघायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती. उठलो, पातेल्यात उरलेलं सगळं चहाच्या गाळणीतून गाळलं, आणि गाळणी दिव्याखाली धरली. मसाल्यात मिसळलेली बारीक राखाडी वाळू. आमची टणक, नाण्यासारखी वाजणारी गोळी हाडावर आपटून उमललीच नव्हती. ठिसूळ होऊन तिचा चुरा झाला होता. आणि त्या चुऱ्यावर दही, टोमॅटो, चिंच. रात्रभर मुरवून, दुपारभर शिजवून. आंबटात शिसं विरघळतं. विरघळलेलं गाळणीत येत नाही.

सुजाता माझ्यामागे येऊन उभी होती. "शिसं आहे ना ते?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं माझ्यावर आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तिनं फक्त ताट उचललं, बेसिनमध्ये ठेवलं, नळ सोडला आणि तो सोडलेलाच ठेवला. "मी तीन-चार वाट्या तर नुसता रस्साच प्यायले," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "बाळाला पोचतं का रे?"

"पोचतं," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शिकारीचं मांस खाणाऱ्या बायका त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या, पण गोळी लागलेला भागच मागून नेणारं कुटुंब पहिलंच. "तो भाग तर टाकून देतात," त्या म्हणाल्या. सुजाता तिच्या शिकवणीतल्या जर्मनमध्ये, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आमच्याकडे काही टाकत नाहीत." रक्त घेतलं. ते दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत जाणार होतं, आणि तोवर थांबायचं होतं.

थांबणं म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं. तोवर मी स्वतःला मोठा झालेला समजत होतो. नोकरी होती, मिशी होती, परदेशी लायसन्स होतं. घरात मिक्सर बंद. पायाखालची घड्याळाची टिकटिक आता दिवसाही ऐकू यायची. सुजाता पलंगावर बसून पोटावर हात ठेवायची आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघून विचारायचो, "हललं?" ती कधी हो म्हणायची, कधी नुसतीच बघायची. सासूबाईंचा फोन आला. "काय गं, रस्सा मिळाला का शेवटी? कसा झाला होता?" आणि सुजाता रिसीव्हर घट्ट धरून म्हणाली, "छान झाला होता, आई." मग माझ्याकडे पाठ करून तिनं आणखी बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

बाउमान यांना मीच सांगितलं होतं. एका संध्याकाळी ते टोपी हातात घेऊन वर आले. दोन वर्षांत पहिल्यांदाच. सुजातानं चहा ठेवला, ते नको म्हणाले नाहीत. खुर्चीच्या काठावर बसून त्यांनी विचारलं, "किती खाल्लं त्यांनी?" मी सांगितलं. ते टोपीची कड बोटांतून फिरवत राहिले. "मी तर जन्मभर खात आलोय," ते म्हणाले. "माझी बायकोसुद्धा. त्या शिशाच्या नळ्यांचं पाणी, जंगलातलं मांस. आम्हाला कधी काही झालं नाही." आणि मग जिभेवर आलेलं वाक्य त्यांचं त्यांनाच नवीन असावं तसे ते थांबून म्हणाले, "आम्हाला मूल झालं नाही."

सुजातानं कप त्यांच्या जवळ सरकवला. त्यांनी तो पूर्ण प्यायला, आलं घालून केलेला तो तिखट चहा, आणि उठताना फक्त "डांके" म्हणाले. त्यानंतर तळघरातलं भांडं पुन्हा तापलं नाही. गोळ्या ते दुकानातून आणू लागले.

निकाल आला तो असा, की शिसं होतं. जितकं असू नये तितकं होतं. औषध द्यावं इतकं नव्हतं. "म्हणजे काय समजायचं?" मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणजे दूध, कॅल्शियम, पुन्हा तपासणी, आणि शांत राहायचं." आकडा पुढच्या वेळी थोडा उतरला, त्याच्या पुढच्या वेळी आणखी. पण मधल्या काळात मी कारखान्याच्या ग्रंथालयात बसून नको ते वाचून ठेवलं होतं: शिसं पोटातल्या मुलाचं काय करतं, ऐकणं, बोलणं, शिकणं, आणि त्यातलं किती जन्मल्यावर लगेच कळतं, आणि किती पुष्कळ वर्षांनी, वर्गात, फळ्यासमोर. हे मी सुजाताला सांगितलं नाही. तिला ते माझ्या तोंडावर वाचता येत होतं, एवढंच.

मुलगी हिवाळ्यात झाली. वेळेवर, पुरेशा वजनाची, आणि आवाज असा की दाई हसली. बाहेर बर्फ पडत होता, खोलीत दुधाचा आणि डेटॉलसारखा कसलातरी वास. सुजाता डोळे मिटून पडली होती, निदान मला तसं वाटलं. पाळण्यात ती एवढीशी, मूठ तोंडाशी धरून. मी तिची बोटं मोजली. डोळ्यांसमोर बोट या कडेकडून त्या कडेला नेऊन पाहिलं. मग खिशातून घराच्या किल्ल्या काढल्या आणि तिच्या डाव्या कानापाशी हळूच वाजवल्या. ती दचकली. मग उजव्या कानापाशी नेल्या. पुन्हा डाव्या. तिसऱ्यांदा तिनं दुर्लक्ष केलं. मी किल्ल्या जरा जोरात वाजवल्या.

"ठेव त्या किल्ल्या," सुजाता म्हणाली. डोळे उघडे होते तिचे. कधीपासून, कोण जाणे. मी किल्ल्या खिशात टाकल्या. तिनं हात पुढे केला, मी पोरीला उचलून तिच्या कुशीत दिलं. तिनं आधी तिचं टोपडं सारखं केलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता नीट ऐक. ही उद्या उशिरा बोलायला लागेल, पाढे विसरेल, शाळेतून तक्रार येईल. त्या वेळी तिच्याकडे असं बघायचं नाहीस. मुलं तशीही चुकतात."